लवकर नको येऊस

पडद्यावर तार आली आणि मंजुळाला कळलं की आपण भलत्याच सिनेमाला येऊन बसलो आहोत. बाहेरच्या पोस्टरवर तसं काहीच नव्हतं. तिथे एक लुकडा माणूस बँडवाल्याचा लाल कोट घालून उभा होता, डोक्यावर पातेलं उपडं पडलेलं आणि कोटावरून दूध ओघळत होतं. ते बघून तिने ठरवलं होतं की हा हसायचा सिनेमा आहे, पोरींना आवडेल. तो हसायचाच होता. तार वाचून लुकड्या माणसाने डोळे फिरवले, भिंतीवर हार घातलेला एक फोटो दिसला, त्यात नवराबायको एकमेकांना टेकून हसत होते, मागे घटकाभर सनई रडली आणि लगेच दारावर थाप पडली. दारात तीन पोरं, धाकट्याच्या काखेत कोंबडी. सगळं थिएटर खदखदून हसलं. मरण एवढ्यात आटपलं होतं. मंजुळाच्या मांडीवर खाऱ्या दाण्यांचा पुडा होता, तो तिने नकळत मुठीत आवळला. एका बाजूला मालू बसली होती, अकरा वर्षांची, दुसऱ्या बाजूला रतन, सहाची. दोघी तिच्या भावाच्या मुली. त्यांच्या डोंबिवलीच्या खोलीत घड्याळाखाली असाच एक फोटो होता, फक्त त्यातली दोघं हसत नव्हती, फोटोवाल्याने हलू नका म्हटल्यासारखी ताठ बसली होती. आता उठावं, पोटात दुखतं म्हणून सांगावं आणि दोघींना बाहेर काढावं, असं तिच्या मनात आलं. पण ओळीतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडून जावं लागलं असतं, आणि तेवढ्यात रतन हसली. कोंबडीने लुकड्या काकाच्या हातावर चोच मारली आणि रतन खिदळून पुढे वाकली, पुढच्या खुर्चीला तिचं डोकं आपटलं, तरी हसत राहिली. मंजुळाने हळूच मान वळवून मालूकडे पाहिलं. मालू एकेक दाणा सोलून खात होती आणि तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

सिनेमाला यायचं कारण वेगळंच होतं. त्या दिवशी संध्याकाळी कल्याणहून आनंदामामा आणि चंद्रभागामामी यायचे होते, उत्तर घ्यायला. आनंदा म्हणजे पोरींचा सख्खा मामा, तिच्या वहिनीचा भाऊ. लग्नाला इतकी वर्षं होऊन पदरात काही नव्हतं. मागच्या महिन्यात दोघं येऊन बसली होती, आणि कपातल्या चहावर निवून साय धरली होती. मग आनंदाने खाली बघत सांगितलं होतं की रतनला आम्हाला द्या. मोठी तुमच्याकडेच राहू दे, तिला समज आली आहे, शाळेत रमली आहे, धाकटीला तरी आई मिळू दे. बोलणं वावगं नव्हतं. चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या तिच्या माणसांनाही ते पटलं होतं. तिची चुलती ठमाबाई तर म्हणाली होती की तू दिवसभर कामावर, पोरीच्या गळ्यात कुलपाची किल्ली, याला काय वाढवणं म्हणतात का. मंजुळाने विचार करायला मुदत मागितली. मुदत संपली तो हा रविवार, आणि रविवार उजाडला तरी तिने पोरींना काही सांगितलं नव्हतं. मनात असं होतं की दुपारी त्यांना सिनेमा दाखवावा, बाहेर बटाटेवडा खाऊ घालावा, पोरी खुशीत असताना विषय काढावा. आजारी मुलाला गूळ दाखवून औषध पाजतात तसं. आता गुळातूनच औषध बाहेर आलं होतं.

पडद्यावर काका पोरींच्या वेण्या घालत होता. एकीची वेणी त्याने खुर्चीच्या पाठीला बांधली आणि पोरगी उठली ती खुर्चीसकट. लोक टाळ्या पिटत होते. मंजुळाला आपल्या पहिल्या वेण्या आठवल्या. तिने स्वतःच्या केसांचा नेहमी अंबाडा घातला होता; दुसऱ्याच्या डोक्यावर भांग कसा पाडतात हे तिला माहीत नव्हतं. मालूचे केस ओढले जात होते आणि मालू आरशात तिच्याकडे बघत गप्प उभी होती. दुखतंय का गं, असं विचारलं तर नाही म्हणायची. दूध तर मंजुळाच्याही हातून उतू गेलं होतं, कितीदा गेलं होतं, पण ते पुसताना कोणी हसलं नव्हतं. तेव्हाचं डोंबिवली अजून श्वास घेण्याइतकं मोकळं होतं. वारा उलटा फिरला की कारखान्यांचा उग्र वास खिडकीतून यायचा, नाहीतर तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी छान गार वाटायचं. आई गेल्यावर, भावाच्या संसारात लुडबुड नको म्हणून, मंजुळाने कोळीवाडा सोडून ही खोली घेतली होती. एक खोली आणि स्वयंपाकघर. लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं ते आईच्या आजारपणात तिला कळलंही नव्हतं, आणि आता कळून घ्यायची इच्छा नव्हती. कामावरून येऊन ती एकटीचा चहा करायची, दार लावून घ्यायची आणि खिडकीशी बसून तो सावकाश प्यायची. त्या चहाची चव पुढे कधी आली नाही. दोन वर्षं ती अशी राहिली. मग एका चैत्रात पोरींना गोवर आला. हरिहर, तिचा भाऊ, बायकोला घेऊन कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला निघाला होता. नवस होता, मोडता येत नव्हता. पोरी बऱ्या होत आल्या होत्या, पण गर्दीत न्यायला नकोत म्हणून दोघींना त्याने बहिणीकडे आणून सोडलं. दोन दिवसांचे फ्रॉक पिशवीत, आणि कडुनिंबाचा पाला. येताना प्रसाद आणतो म्हणाला. घाटात टेम्पो उलटला.

पोरी आल्या आणि तिचं एकटेपण गेलं, असं सगळे म्हणायचे. ठाण्याला, तिच्या औषधांच्या कंपनीतल्या बायका तर हेवाही करायच्या, की विनासायास घर भरलं बघ. पण घर भरतं म्हणजे काय होतं ते मंजुळाला सांगता आलं नसतं. पोरी एकाच गोधडीत एकमेकींत पाय अडकवून निजायच्या आणि ती भिंतीकडे. दोघी कुजबुजायच्या, तिची चाहूल लागली की थांबायच्या. भिऊन नाही, जशी माणसं घरमालक आला की आवाज उतरवतात तशी. तिची शांतता गेली होती आणि सोबत मात्र आली नव्हती. कधी कधी कामावर असताना तिला वाटायचं की आपण दोन खोल्यांच्या मधल्या दाराच्या चौकटीत उभ्या आहोत, इकडे नाही, तिकडेही नाही. तिचं काम डोळ्यांचं होतं. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या पुढ्यात यायच्या, त्या काळ्या आणि पांढऱ्या पाटीपुढे उजेडात धरायच्या, किंचित गोल फिरवायच्या आणि आत कण तरंगतो का ते बघायचं. काचेची कणी, धागा, काळा ठिपका. दिसला तर बाजूला. असं वर्षानुवर्षं केल्यावर नजरेला तीच सवय लागते. घरच्या पाण्यात, आमटीत, पोरींच्या डोळ्यांत, सगळीकडे ती काहीतरी तरंगतंय का ते शोधायची. बहुतेकदा ते सापडायचं.

पण एकदा तिला असं काही दिसलं होतं की ते बाजूला ठेवता आलं नव्हतं. भावाच्या दहाव्याला. बंदरावर, खाडीच्या काठी, दोघांचे पिंड मांडले होते. चैत्रातलं ऊन, ओहोटीची वेळ, चिखलाला वाळल्या मासळीचा वास. वहिनीच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. जीव कशात नव्हता बिचारीचा, म्हणून बायका रडल्या. हरिहरच्या पिंडाला शिवेना. मग नेहमीसारखं सुरू झालं. मेलेल्याच्या मनात काय अडकलंय ते ओळखायचं आणि त्याला मोठ्याने शब्द द्यायचा. त्याच्या जोडीदारांनी पुढे येऊन हात जोडले, होडीची काळजी करू नकोस म्हणाले. कोणी म्हणालं, एकवीरेचा राहिलेला नवस आम्ही फेडू. कावळे धक्क्यावर बसून राहिले. लोकांचे पाय भाजत होते, पोरं भुकेने रडत होती. मग आनंदा पुढे झाला. रडून त्याचा आवाज बसला होता. “दाजी, रतनला आम्ही नेतो. पोटच्यासारखी वाढवू,” एवढं तो म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. शेजारी चंद्रभागा डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून. सगळेच डोळे मिटून होते किंवा पिंडाकडे बघत होते. मंजुळा कावळ्याकडे बघत होती. चिखलात होड्या बांधायचा एक खुंट होता, त्यावर एक कावळा एकटा बसला होता. आनंदाचा शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्या कावळ्याने पंख उघडले. ते तिने पाहिलं. खुंटापासून पिंडापर्यंत अंतर होतं, आणि कावळा आधी खाडीवरून वळला, घाई नसल्यासारखा. तेवढ्यात ठमाबाईने तिला कोपराने ढोसलं. “गो मंजुले, तू बोल. त्याचा जीव पोरींत हाय.” आणि मंजुळा बोलली. का बोलली ते तिला आजही कळत नव्हतं. ऊन होतं, सगळे थांबले होते, आणि कोणीतरी ढोसल्यावर माणूस पुढे पाऊल टाकतो. “हरी, पोरी माझ्याकडे राहतील,” ती म्हणाली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायला आणि कावळ्याची चोच भाताला लागायला एकच गाठ पडली. शिवला, शिवला, असा गलका झाला, माणसं सुटल्यासारखी उठली, घराकडे जेवायला वळली. पोरींचा निकाल लागला होता. कोणाला पुन्हा विचारायची गरजच उरली नव्हती. मेलेल्या माणसाने सांगितलं होतं. गर्दी पांगताना मंजुळाला फक्त चंद्रभागा दिसली, त्याच जागी उभी, हात अजून जोडलेले, थोबाडीत मारल्यासारखा चेहरा.

मध्यंतर झालं. दिवे लागले तशी तिला उगाच लाज वाटली, अंगावरचं पांघरूण कोणी ओढल्यासारखी. रतनला बर्फाचा गोळा हवा होता, ती रांगेत जाऊन उभी राहिली. मालू खुर्चीतच बसली होती. दाण्यांची टरफलं तिने पुड्यात नीट गोळा करून ठेवली होती. समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत तिने विचारलं, “मामामामी आज रतनला न्यायला येणारेत ना?”

“तुला कोणी सांगितलं?”

“ठमाआजीनं. मागेच.”

इतके दिवस ही सगळं जाणून गप्प होती, शाळेत जात होती, बहिणीची वेणी घालत होती. मंजुळाने विचारलं की तुला काय वाटतं. मालूने खांदे उडवले. “मला कोण विचारतंय,” ती म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मग तिनेच विचारलं, “तुला काय वाटतं, आत्या?” आणि दिवे गेले, बरंच झालं. मंजुळाला काय वाटत होतं ते अंधारातही सांगण्याजोगं नव्हतं. गेला महिनाभर एक विचार तिच्या मनात तरंगत होता, आणि कितीही फिरवून पाहिलं तरी तो खाली बसत नव्हता: एकच पोर राहिली तर कदाचित आपल्याला पुन्हा श्वास घेता येईल. धाकटीची दुखणी, धाकटीचं संध्याकाळी जिन्यात बसून वाट बघणं, दार उघडायच्या आधीच पायाला मिठी मारणं. एवढ्या मिठीचं आपण काय करायचं, हे तिला कधी उमगलं नव्हतं. मालूचं गप्प राहणं तिला समजायचं, ते तिच्या जातीचं होतं. रतनचा लोभ तिच्या अंगावर यायचा. आणि हा विचार मनात आला की लगेच तिच्या डोळ्यांपुढे तो खुंट यायचा, आणि कावळ्याचे उघडलेले पंख.

सिनेमाचा शेवट व्हायचा तसाच झाला. पुण्याहून एक श्रीमंत मावशी मोटार घेऊन आली, पोरांना घेऊन जायला. पोरांची बोचकी काकानेच बांधून दिली. पोरं रडली, थिएटरात बायकाही रडल्या, मोटार निघाली. मग रिकाम्या घरात काकाने कोंबडीकडे बघितलं, कोंबडीने काकाकडे बघितलं, आणि काका उठला. लाल कोट घालून तो मोटारीमागे पळायला लागला, आणि ज्या वरातीत त्याला वाजवायचं होतं ती सगळी वरात, घोड्यावरच्या नवऱ्यासकट, बँड वाजवत त्याच्यामागे. रेल्वेचं फाटक लागलं म्हणून मोटार थांबली, पोरं उड्या मारून बाहेर आली आणि बाबा, बाबा म्हणत त्याच्या गळ्यात पडली. लोक शिट्ट्या मारत उठले. रतन खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. घरी येताना वड्याची पुरचुंडी हातात तशीच धरून ती रस्ताभर तेच सांगत होती, जणू आत्याने पाहिलंच नव्हतं: तो कसा पळाला, त्याचा बूट कसा निघाला, तरी कसा थांबला नाही. मंजुळाला जे बोलायचं होतं ते वळणावळणावर पुढे ढकललं गेलं आणि मग इमारतच आली. जिन्याशी आनंदा आणि चंद्रभागा उभी होती. लवकर आली होती.

चंद्रभागा नवं लुगडं नेसून आली होती. तिने रतनसाठी गुलाबी फ्रॉक आणला होता, पण तो दिला नाही, मांडीवर घडी धरून बसली. पोरींना मंजुळाने शेजारच्या काकूंकडे पाठवलं. आनंदा खिडकीबाहेर बघत होता. बोलली ती चंद्रभागाच, आणि ठरवून आलेलं सगळं विसरून भलतंच बोलली. “ताई, तुमी रागावू नका. त्या दिवशी कावल्यानं आमचा शब्द घेतला नाय. तीन वर्सं मी तोंड उघडलं नाय ते त्यापायी. दाजींना आमी नको होतो, असंच मनात बसलंय. देवानं नाय दिलं, मेल्या माणसानंबी नाय दिलं. आता तुमी नाय म्हटलं तर मी परत नाय येणार.” तिचे डोळे कोरडे होते. मंजुळाने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. खरं तर काही करायचीही गरज नव्हती. कावळ्याने केव्हाच करून ठेवलं होतं. पण ती बाई फ्रॉकची घडी धरून समोर बसली होती आणि एक गोष्ट जगात फक्त मंजुळाला माहीत होती.

“वहिनी,” ती म्हणाली, “कावळा आनंदभाऊंच्या शब्दावर उडाला होता. मी बघितला. माझं बोलणं त्यानंतरचं.”

आनंदाने मान वळवली. चंद्रभागाने तोंडावर पदर दाबला, आणि त्या पदराआडून जो आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा ते कळलं नाही. तिने एवढंच विचारलं की मग तेव्हा का नाही सांगितलंत. कोणी विचारलं नाही, मंजुळा म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली की आपण ते खरं होतं म्हणून सांगितलं, की सोयीचं होतं म्हणून. कावळ्याला भूक लागली असेल, एवढंही खरं असू शकत होतं. पण तेव्हा खोलीत जे झालं ते झालं. नदीचं पाणी एकदा उताराला लागावं तसं पुढचं सगळं आपोआप झालं. पोरींना बोलावलं. आनंदाने रतनला जवळ घेऊन विचारलं की येतेस का आमच्याकडे राहायला, आणि मंजुळाला वाटलं ही आता आपल्या पायाला मिठी मारेल. तेव्हा काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ती मिठी यावी असं त्या क्षणी तिला किती वाटत होतं हेही तिला आत्ताच कळत होतं. पण रतनचे डोळे चमकले. तिने विचारलं, मोटारीतून का? रिक्षातून, आनंदा म्हणाला. रतनला तेही चाललं. “येते,” ती म्हणाली, इतक्या सहज, की चंद्रभागाच दचकली.

आत स्वयंपाकघरात मंजुळा तिचे कपडे बांधत होती तेव्हा रतन आली. गुलाबी फ्रॉक घालून आली होती. तिने आत्याच्या गळ्यात हात टाकून तिचं डोकं खाली ओढलं आणि कानाशी तोंड नेलं. तिच्या तोंडाला वड्याचा वास होता.

“आत्या, लवकर नको येऊस हं. आधी आम्ही थोडं रडणार. मग तू ये. पळत ये.”

मंजुळाच्या हातातली घडी विसकटली. तेव्हा तिला कळलं की ही जात नाहीये, ही सिनेमात जाते आहे. आता सांगायला हवं होतं. खाली बसून, तिचे खांदे धरून सांगायला हवं होतं की तसं नसतं गं, गेलं की जातात. पण बाहेर चंद्रभागा मालूला काहीतरी विचारत होती, तिचा आवाज इतका हलका, इतका तरुण झाला होता. “बरं,” मंजुळा म्हणाली. मोठी माणसं मुलांना दिवसातून दहादा म्हणतात तसं. जिना उतरताना चंद्रभागाने मागे राहून तिचा हात धरला आणि तिनेही तेच मागितलं: थोडे दिवस येऊ नका ताई, पोर रुळू दे, तुमाला बघून परत उसळी खाईल. तिलाही मंजुळा बरं म्हणाली. रिक्षा वळेपर्यंत रतन मागच्या फटीतून हात हलवत होती आणि अजिबात रडत नव्हती.

खोली मोठी झाली. संध्याकाळी मंजुळा घरी यायची, चहा करायची, खिडकीशी बसायची. तो आता फक्त चहा होता. जिन्यात कोणी नसायचं, तरी शेवटच्या वळणावर तिचे पाय जरा थबकायचे, मिठीसाठी जागा केल्यासारखे. मालू अभ्यास करायची. रात्री ती गोधडीच्या तिच्या तिच्या अर्ध्या भागातच निजायची, उरलेला अर्धा मोकळा ठेवून. एकदा सकाळी वेणी घालताना आरशात बघत ती म्हणाली, ती वाट बघत असेल. रुळेल, मंजुळा म्हणाली. हो, मालू म्हणाली. तिला कानात सांगितलेलं माहीत होतं का, कोण जाणे. सिनेमा तिनेही पाहिला होता. कल्याणहून निरोप आला तो कोळीवाड्यातून फिरून आला: पोर छान आहे, खाते, पिते, फक्त संध्याकाळी ओट्यावर बसून राहते, आत ये म्हटलं तर येत नाही, गल्लीच्या तोंडाकडे बघते. ठमाबाईने ते हसत हसत सांगितलं. मंजुळा दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि एका खोक्यातल्या सगळ्या कुप्या तिने चांगल्या म्हणून पुढे सोडल्या, नंतर लक्षात आलं की तिने एकही पाहिली नव्हती. तरी ती गेली नाही. शब्द दिला होता, आणि ज्याचा हक्क कावळ्याने सांगितला त्याच्या दारात जायचं कुठल्या तोंडाने. शिवाय रुळेल, असं तिला खरंच वाटायचं, आणि रुळू नये असंही.

मग एक दिवस तिला दिसलं की मालूने आपले वाळलेले कपडे फळीवर ठेवलेले नाहीत. घड्या करून दप्तराशेजारी एका पिशवीत ठेवले आहेत. कशाला गं, तिने विचारलं. मालूने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. “असंच. हाताशी असलेले बरे.” तिचं कोणाकडे जायचं ठरलेलं नव्हतं. कोणी तिला मागितलंच नव्हतं. त्या पिशवीकडे बघता बघता मंजुळा उठली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. कावळा कोणाच्या शब्दावर उडाला ते असू दे. तो शिवला तेव्हा बोलत कोण होतं? आणि हेही असू दे. तीन वर्षं कोणाचे हात या केसांत होते? आपण काही कावळ्याचा निकाल राबवणाऱ्या नाही, असं तिने नळाच्या आवाजात स्वतःला मोठ्याने सांगितलं. येत्या रविवारी जायचं. भांडायचं नाही, पाया पडायचं, पण घेऊन यायचं. मालूला म्हणाली, चल. मालू नको म्हणाली. “तू जा. ती तुझी वाट बघत्येय.” मंजुळाने कापडाची मोठी पिशवी घेतली, रतनचे कपडे मावतील अशी, आणि ती घडी करून काखेत मारली.

कल्याणला उतरून ती खाडीच्या बाजूला निघाली. दुपार कलली होती. वाटेत तिने सगळं जुळवलं, चंद्रभागाला काय सांगायचं, आनंदाला काय. गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तिला तो ओटा दिसला, आणि ओट्यावर गुलाबी फ्रॉक. तेव्हा तिला आठवलं की पळत यायचं होतं. ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि शाळा सुटल्यापासून कधी पळाली नव्हती. तिने निऱ्या मुठीत धरल्या आणि पळाली. चपला फटफट वाजत होत्या, एक बाई पाणी भरता भरता थांबून बघायला लागली, कुत्रं बाजूला झालं. ओट्यावर रतन दोन मुलींबरोबर सागरगोटे खेळत होती. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, भांग सरळ, जसा मंजुळाला कधी जमला नव्हता. तिने वर पाहिलं. हातातला सागरगोटा खाली पडला. ती उठून उभी राहिली आणि मंजुळाने पळता पळताच हात पुढे केले. रतन क्षणभर बघत राहिली, मग वळून उघड्या दाराकडे तोंड करून तिने हाक मारली.

“आई, आत्या आली.”

आतून चंद्रभागा आली ती हात पुसत, कपाळाला पीठ लागलेलं. तिने या म्हटलं, बसा म्हटलं, धाप का लागली विचारलं, पंखा लावला. तिच्या चेहऱ्यावर भीती आली होती आणि ती लपवायला ती भराभर बोलत होती. मंजुळा खुर्चीच्या कडेवर बसली. रतनने तिला पाणी आणून दिलं, फुलपात्र ताटलीत ठेवून, सांडू नये म्हणून जीभ दाताखाली धरून. घरी ती पाणी कधी देत नसे. ज्याला हवं त्याने माठातून घ्यायचं. मग ती आत्याच्या गुडघ्याला रेलून उभी राहिली आणि तिने मांडीवरची पिशवी उघडून आत बघितलं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत नीट बघितलं, हातही घालून पाहिला.

“खाऊ नाही आणलास?”

जुळवलेलं सगळं मंजुळाच्या ओठांशी होतं. चंद्रभागाने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तिला सगळं कळलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पुढचा शब्द अंगावर घ्यायला तयार झाल्यासारखी. “विसरले गं,” मंजुळा म्हणाली. “घाईत निघाले.” रतनला त्यात काही वाटलं नाही. तिने आत्याचं बोट धरलं. चल, मी दाखवते दुकान, ती म्हणाली, आणि आईला ओरडून सांगून तिला बाहेर घेऊन निघाली. गल्लीतून जाताना ती दाखवत होती: हे आमचं पिंपळाचं झाड, इथे आमच्या होड्या येतात, ही माझी मैत्रीण, ही पण. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, कोण आलंय गं तुमच्याकडे? आत्या आलीय माझी, रतन म्हणाली, डोंबिवलीहून. फळीवर बरण्या होत्या, बिस्किटांचे पुडे होते. तीन वर्षं दर शनिवारी कामावरून येताना मंजुळा त्यातलाच एक ठरलेला पुडा घेऊन यायची, न चुकता, न विचारता. ती दुकानाच्या पायरीशी उभी राहिली, खाली वाकली, आणि लोकांच्या मुलांशी बोलतात तशा आवाजात तिने विचारलं, “कुठली आवडतात गं तुला?”